माशाचा डोळा आणि दीड मिलिमीटरचं कडं

बांगडा घेताना आपण आधी त्याचा डोळा बघतो. फुगीर, पाणीदार असला तर ताजा. आत गेलेला, धुरकट असला तर कालचा. त्यामुळे फिशआय लेन्सची, म्हणजे साधारण १८० अंशांचं दृश्य एका फोटोत घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या लेन्सची, ती पुढे आलेली गोल काच पहिल्यांदा हातात आली की कोकणातल्या माणसाला वाटतं, नावाचा उलगडा झाला. तसं नाही. डोळा कसा दिसतो यावरून हे नाव पडलेलं नाही, पाण्याखालून त्या डोळ्याला काय दिसतं यावरून पडलं आहे. आणि शीर्षकातलं कडं म्हणजे अशी जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवताना मध्ये लागणारं अडॅप्टर; त्याच्याकडे पुढे येऊच.

विहिरीत सूर मारून तळाशी गेल्यावर वर पाहिलं, तर काठ, रहाट, कडेची माडाची झापं, सगळं एका उजळ गोलात गोळा झालेलं दिसतं. त्या गोलाबाहेर काळोख. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतचं १८० अंशांचं जग पाण्याखाली सुमारे ९७ अंशांच्या शंकूत बसतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी हे दृश्य फोटोत पकडायचं ठरवलं. त्यांनी पाणी भरलेल्या डब्याच्या तळाशी फोटोची प्लेट ठेवली आणि वर एक बारीक छिद्र ठेवलं. १९०६ साली त्यांनी हा प्रयोग मांडला आणि 'फिशआय' हा शब्द रूढ झाला. त्यात फोकस करायला काही नव्हतंच. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

पाण्याचा डबा घेऊन फिरणं काही व्यवहाराचं नव्हतं. पाण्याचं काम काचेकडे दिलं ते केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातली 'हिल अभिक्रिया' ज्यांच्या नावाने शिकवतात, तेच हे हिल. १९२४ च्या सुमारास त्यांची लेन्स लंडनच्या बेक कंपनीने बनवली. काम एकच: ढगांसकट सगळं आभाळ एका फोटोत घेणं. म्हणजे ही लेन्स जन्माला आली ती हवामानवाल्यांसाठी, कलेचा तिच्याशी संबंध नव्हता.

आभाळावर यंत्रं रोखणारे साहेब कोकणाने मात्र त्याआधीच पाहिले होते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आपला लवाजमा घेऊन विजयदुर्गात उतरले होते. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' त्यांचेच. हेलियम १८६८ साली त्या कट्ट्यांवर सापडला, असं गाईड हमखास सांगतात. १८६८ साली लॉकयर इंग्लंडात होते आणि सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेघ त्यांनी तिथूनच पाहिली. असो, कट्टे खरे आहेत.

हिल यांच्यानंतर जर्मनीत एईजी कंपनीने या आखणीत सुधारणा केली, आणि १९३८ साली जपानच्या निप्पॉन कोगाकूने, म्हणजे आजच्या निकॉनने, आभाळासाठीच १६ मिमीची एफ/८ लेन्स केली. (मिमीचा आकडा लेन्सच्या नाभीय अंतराचा; एफचा आकडा प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा, आकडा मोठा तितकं छिद्र लहान.) एसएलआर, म्हणजे लेन्समधलं दृश्य आरशाने व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यावर बसणारी निकॉनची पहिली फिशआय आली १९६२ मध्ये: ८ मिमी, एफ/८. तिची मागची काच कॅमेऱ्यात इतकी खोल जायची की आरसा आधी वर उचलून अडकवून ठेवावा लागे. मग व्ह्यूफाइंडरमधून काहीच दिसत नाही, म्हणून वर वेगळा दर्शक बसवायचा. फोकसची रिंगही नव्हती. याच वर्षी पेंटॅक्सने १८ मिमी, एफ/११ ची फिशआय आणली. तिचं चित्र गोल नव्हतं, सगळी फ्रेम भरणारं होतं, आणि १८० अंश फक्त कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. देवळाचा, घराचा, गर्दीचा फोटो काढणाऱ्यांना ही दुसरी तऱ्हाच जास्त मानवली.

पेंटॅक्सची ती लेन्स ४२ मिमी व्यासाच्या आट्यांच्या माउंटची, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या बैठकीची, होती, ज्याला सगळे एम४२ म्हणतात. १९४९ च्या ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यापासून हे माउंट पसरलं. प्राक्टिका, पेंटॅक्स, सोव्हिएत झेनिट, सगळ्यांनी तेच वापरलं. सोव्हिएत वारशातल्या दोन फिशआय आजही हौशी लोकांच्या हातात फिरतात. एक मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कची झेनिटार, १६ मिमी एफ/२.८. दुसरी बेलारुसच्या मिन्स्कची पेलेंग, ८ मिमी एफ/३.५, पूर्ण गोल चित्र देणारी. दोन्ही पूर्णपणे हाताने चालवायच्या आणि ब्रँडेड ऑटोफोकस फिशआयच्या मानाने स्वस्त. २००३ नंतर डिजिटल एसएलआर सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, तेव्हा या लेन्सना दुसरा जन्म मिळाला तो अडॅप्टरमुळे.

आता त्या अडॅप्टरचं गणित. प्रत्येक कॅमेऱ्यात माउंटच्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. एम४२ साठी ते ४५.४६ मिमी, कॅननच्या ईएफ माउंटसाठी ४४, निकॉनच्या एफ माउंटसाठी ४६.५. म्हणजे एम४२ लेन्स कॅननवर लावायची तर मध्ये १.४६ मिमी जाडीचं कडं पुरतं. निकॉनवर मात्र गणित उलटं पडतं. लेन्सला हवी त्यापेक्षा बॉडीच एक मिलिमीटरने खोल. साधं कडं लावून १६ मिमीची लेन्स बसवली तर फोकस वीतभर अंतरापलीकडे जातच नाही. काच बसवलेली अडॅप्टरं मिळतात, पण ती चित्र मऊ करतात आणि कोन अरुंद करतात. फिशआय घ्यायची ती रुंद कोनासाठी आणि वर तोच कापायचा, हा माझ्या मते तोट्याचा धंदा. निकॉनवाल्यांनी झेनिटार किंवा पेलेंग थेट निकॉन माउंटमध्येच घ्यावी.

कॅननवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. 'फिशआयला फोकसची गरजच नाही' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. कडं फक्त ०.१ मिमी जास्त जाड निघालं, तर रिंग इन्फिनिटीवर, म्हणजे अनंत अंतराच्या खुणेवर, असूनही ५० मिमीची लेन्स सुमारे २५ मीटरवर फोकस होते. तेवढ्याच चुकीने १६ मिमीची लेन्स अडीच मीटरवर अडकते आणि ८ मिमीची साधारण ६५ सेंटीमीटरवर. लेन्सचे मिमी जितके कमी, तितकी कड्याची चूक महाग. तरीही फोटो चालून जातात, कारण एफ/८ ला सेन्सरपाशी सुमारे पाव मिलिमीटरची चूक पोटात घेतली जाते. एफ/२.८ ला ती मुभा ०.०८ मिमीवर येते आणि बिंग फुटतं. म्हणून बरेच कारखाने कडं मुद्दाम केसभर पातळ ठेवतात, म्हणजे लेन्स निदान इन्फिनिटीच्या पुढे जाते, अलीकडे अडत नाही. माझं पहिलं कडं या बाबतीत प्रामाणिक नव्हतं. मालवणच्या धक्क्यावरून घेतलेल्या फोटोंत पायाजवळची जाळी आणि दोर धारदार, आणि समोरचा सिंधुदुर्ग पिठात बुडवल्यासारखा. आठवडाभर मी बिचाऱ्या लेन्सला दोष देत होतो.

बाकीच्या गोष्टी चटकन सांगण्यासारख्या. कॅननवर छिद्र हाताने लहान केलं की कॅमेऱ्यातला मीटर त्या अंधारातच उजेड मोजतो आणि एव्ही मोडमध्ये, म्हणजे छिद्र आपण ठरवून वेळ कॅमेऱ्यावर सोडल्यावर, बऱ्यापैकी बरोबर मोजतो. निकॉनच्या स्वस्त बॉडी अशा लेन्ससोबत मोजतच नाहीत. अंदाजाने एक फोटो काढायचा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघायचा. पेलेंगला छिद्राच्या दोन रिंगा असतात: एकीने आकडा ठरवायचा, दुसरीने उघडमीट करायची. चिप चिकटवलेली अडॅप्टरं फोकस लागल्याची टीप देतात, पण एवढ्या रुंद लेन्सला त्या टीपेवर भरवसा ठेवू नये. २००७-०८ च्या सुमारास लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर थेट दिसणारं चित्र, आला, दहापट मोठं करून बघता यायला लागलं, आणि खरा निकाल तिथेच लागतो. २००९ मध्ये कोरियाच्या सॅम्यांगने ८ मिमीची मॅन्युअल फिशआय थेट निरनिराळ्या माउंटमध्ये आणली आणि कड्याचा खटाटोप अनेकांसाठी संपला. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत तर माउंटचं अंतरच १६ ते २० मिमीवर आलं. तिथे कड्याची जागा लांब नळीने घेतली आणि जवळपास कुठलीही जुनी लेन्स बसते.

कोकणात हिचा उपयोग कुठे? जिथे मागे सरकायला जागा नाही तिथे. गणपतीत माजघरात मखर, वर माटवी, समोर आरतीला दाटलेली तीन पिढ्यांची माणसं, आणि फोटो काढणाऱ्याची पाठ भिंतीला टेकलेली. इथे १६ मिमीची फिशआय कामाला येते. फक्त कडेला उभ्या काकूंना आधीच सांगून ठेवावं, नाहीतर फोटो बघून रुसतील. लाकडी खांबांचे जुने सभामंडप मात्र हिच्याने काढू नयेत. सरळ खांब धनुष्यासारखे वाकतात, पाहणाऱ्याचं लक्ष वाकण्याकडेच जातं आणि नक्षी बाजूला राहते. राजापूर-रत्नागिरीकडच्या सड्यांवरची कातळशिल्पं हिच्याने काढण्याचा मोह मलाही झाला होता. पण दस्तऐवज म्हणून तो फोटो निरुपयोगी, कारण त्यावरून माप काढता येत नाही. रात्रीच्या सड्यावर उताणं पडून आभाळ काढायला मात्र हिच्यासारखी लेन्स नाही.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती डब्यात, सिलिका जेलसोबत. आपल्या दमट हवेत जुन्या काचांना बुरशी धरते, आणि फिशआयची पुढची काच एवढी मोठी की आत पसरलेलं जाळं दुरून दिसतं. पावसाळा सरला की तिला धक्क्यावर नेऊन पूर्ण उघड्या छिद्राला, किल्ल्याच्या तटावर लाइव्ह व्ह्यूने फोकस लावून बघायचा. माझं सध्याचं कडं पातळ आहे. म्हणून झेनिटारच्या रिंगवर इन्फिनिटीच्या खुणेच्या जरा अलीकडे, बहिणीच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका आहे.