हातभरतकामाच्या लहान पिशव्या व जोडवस्तू

सुईदोऱ्याने हाताने भरलेल्या कापडातून बटवे, नाण्यांच्या पिशव्या, छोट्या पर्स, चष्म्याच्या खोळी, ब्रोच, केसांचे पट्टे अशा रोज हाताळायच्या वस्तू आखण्याची व घडवण्याची कला. चौकटीत लावायच्या भरतकामाहून ती मुळातच वेगळी आहे, कारण येथे भरलेले कापड दुमडले जाते, घासले जाते, शेकडो वेळा उघडझाप सोसते आणि आतल्या वस्तूंचा ताण पेलते. त्यामुळे नक्षी आणि वस्तूची घडण यांचा विचार एकाच वेळी करावा लागतो. आधी मनाजोगती नक्षी भरून घ्यायची आणि मग तिची पिशवी कशी करायची ते ठरवायचे, या उलट्या क्रमातच या कामातील बहुतेक फसगतींचे मूळ असते.

मध्ययुगीन युरोपातील वस्त्रांना शिवलेले खिसे नसत. स्त्रिया आणि पुरुष दोघेही कमरपट्ट्याला पिशवी अडकवत आणि ऐपतीप्रमाणे ती रेशमाने किंवा जरीच्या तारेने भरलेली असे. इंग्लंडमध्ये 16व्या व 17व्या शतकांत ‘स्वीट बॅग’ नावाच्या तळहाताएवढ्या चौकोनी पिशव्या प्रचारात होत्या. त्यांत सुगंधी वनस्पती ठेवत, किंवा भेट म्हणून द्यायचे पैसे घालून पिशवीसकट ते देत. त्यांचे काही उत्तम नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. 18व्या शतकात युरोपीय स्त्रिया झग्याच्या आत कमरेला नाडीने बांधायचे सुटे खिसे वापरत. हे खिसे बाहेरून कोणाला दिसत नसत, तरीही अनेकींनी ते वेलबुट्टीने भरले, ही गोष्ट या कलेविषयी बरेच काही सांगून जाते. शतकाच्या अखेरच्या दशकात उंच कमरेचे, तलम व चिंचोळे झगे आले, आतल्या खिशांना जागा उरली नाही आणि हातात धरायची ‘रेटिक्यूल’ ही नाडीची पिशवी पुढे आली. चीनमध्ये कमरेला लटकवायच्या ‘हेबाओ’ या रेशमी भरतकामाच्या पिशव्यांची स्वतंत्र आणि समृद्ध परंपरा आहे.

आखणीची सुरुवात कागदी नमुन्यापासून होते आणि त्यावर नक्षीपेक्षा आधी न दिसणारे भाग खुणावावेत. तयार पिशवी 12 सेंमी. रुंद, 14 सेंमी. उंच आणि तळाशी 4 सेंमी. खोल हवी असेल, तर दोन शिलायांमधील कापड 16 सेंमी. रुंद व 16 सेंमी. उंच लागते. त्यातील दोन्ही बाजूंचे दोन-दोन सेंटीमीटर कडांकडे वळतात आणि खालचे दोन सेंटीमीटर तळाखाली जातात. समोर दिसणारा भाग उरतो तो 12 बाय 14 सेंटीमीटरांचाच. नाडीच्या बटव्यात तोंडाजवळच्या चुण्यांमध्ये नक्षीचा वरचा भाग गिळला जातो, म्हणून मुख्य फूल कापडाच्या मोजलेल्या मध्यापेक्षा बरेच खाली घ्यावे लागते. झाकणाच्या पर्समध्ये झाकणाची घडी मोकळी ठेवलेलीच बरी, कारण तेथे पडलेल्या टाक्यांची वीण उसवत जाते. मोजून भरायच्या चौकडीच्या कापडावर आकाराचा हिशेब सोपा होतो: एका इंचात 14 घरे असतील, तर 70 घरांची नक्षी पाच इंच रुंद होते.

कापड घट्ट विणीचे घ्यावे. जाड सुती कापड, लिनन आणि फेल्ट हाताळायला सोपे, तर मखमल व साटीन देखणे, पण सरकणारे. नक्षी उतरवण्याच्या पेनांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. पाण्याने जाणारी शाई इस्त्री लागली तर कायमची बसू शकते, आणि उष्णतेने जाणारी शाई कडाक्याच्या थंडीत पुन्हा उमटू शकते. गडद रंगाचा दोरा ओल्या पांढऱ्या कपड्यावर घासून रंग सुटतो का, हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहावे.

टाक्यांची निवड घर्षण पाहून करायची असते. उलटी टीप, दांडी टाका, साखळी टाका आणि घट्ट ओढलेल्या फ्रेंच गाठी पिशवीवर चांगल्या टिकतात. सॅटिन टाका चमकदार दिसतो, पण तो सात-आठ मिलिमीटरांपेक्षा लांब झाला की अंगठीत, नखात, किल्लीत अडकतो. मोठी पाकळी भरायची असेल तर तिचे भाग पाडावेत किंवा लांब-आखूड टाके एकमेकांत मिसळावेत. बाजारातला नेहमीचा सुती भरतदोरा सहा पदरांचा असतो. बारीक रेषेला एक-दोन पदर आणि ठसठशीत भरणीला तीन पदर पुरतात. दोरा सुमारे 45 सेंटीमीटरांहून लांब घेतला, तर कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन तो पिंजतो. मणी दुपदरी मजबूत दोऱ्याने लावून दर थोड्या मण्यांमागे उलट बाजूला गाठ मारली, तर एक दोरा तुटला तरी सगळी रांग ओघळत नाही.

कापड आधी कापायचे नाही, हा नियम नवशिक्याला उगाचच वाटतो, पण त्याला ठोस कारण आहे. दाट भरतकामाने कापड आकसते व तिरके ओढले जाते, शिवाय रिंगमध्ये (कापड ताणून धरणाऱ्या गोल चौकटीत) बसवायला भोवती जागा लागते. म्हणून बाह्यरेषा आखून, चहूबाजूंनी चार-पाच सेंटीमीटर सोडून भरावे. काम संपल्यावर जाड टॉवेलवर पालथे ठेवून मागून इस्त्री करावी, म्हणजे उठावदार टाके चेपत नाहीत. मग नमुना पुन्हा ठेवून, एक सेंटीमीटर माया (शिलाईसाठी सोडायची जास्तीची कड) धरून कापावे.

जोडणीत आधार आणि अस्तर यांना नक्षीइतकेच महत्त्व आहे. आतून चिकटवलेल्या कॅनव्हासने आकार टिकतो. अस्तरामुळे मागचे दोरे झाकले जातात आणि ते किल्ल्यांत अडकत नाहीत. अस्तर बाहेरच्या कापडापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान शिवले तर आत चुण्या पडत नाहीत. धातूच्या चौकटीची पर्स करताना चौकट हातात आल्याशिवाय नमुना काढू नये, कारण तिच्या वळणाला जुळले नाही तर कापड बिजागरीपाशी ताणले जाते. ब्रोचसारख्या वस्तूंत मागे फेल्ट लावून कडेने काजटाका घालणे पुरेसे होते.

साध्या सुती दोऱ्याचे पक्क्या रंगाचे काम थंड पाण्यात हलक्या हाताने धुता येते. जरीचे काम भिजवू नये; ते मऊ ब्रशने झटकून सुती कापडात गुंडाळून ठेवावे. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल अडकून तार काळवंडते.