साठ वर्षांची पेडल स्टील गिटार अजून मंचावर का?

नॅशव्हिलच्या लोअर ब्रॉडवेवर ४१६ क्रमांकाच्या इमारतीत ‘रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड’ आहे. तिथं कंट्री संगीत ऐकायला आणि नाचायला गर्दी होते. पूर्वी याच इमारतीत शो-बड कंपनीचं पेडल स्टीलचं दुकान होतं. पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार: तारांवर पोलादी दांडी सरकते आणि पायानं पेडलं दाबून तारांचे स्वर बदलतात. ही कंपनी १९८० च्या दशकात बंद पडली, पण तिची वाद्यं थांबली नाहीत. अमेरिकेत आजही अनेक वादक शो-बड, एमन्स किंवा फेंडरची १९५७ ते १९८० च्या दरम्यान बनलेली गिटार घेऊन कार्यक्रम करतात. नवी वाद्यं हलकी आहेत आणि लवकर स्वरात लागतात. तरी जुनी टिकली, याचं कारण त्यांच्या पोटातल्या यंत्रणेत आहे.

या वाद्याचं मूळ हवाई बेटांवरचं. ओआहूवरच्या लाइए गावचा जोसेफ केकुकू हा १८८० च्या दशकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी दांडी सरकवू लागला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या जागतिक प्रदर्शनानंतर हे वादन अमेरिकाभर पसरलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही विजेवर चालणारी आडवी गिटार आली. आपल्याकडे ताऊ मो यांच्या हवाईयन कुटुंबानं १९४० च्या दशकात कलकत्त्यात मुक्काम केला, आणि पुढे मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत व्हॅन शिपली, हजारासिंग यांची हवाईयन गिटार घराघरांत पोचली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तर तिच्यावर राग वाजवले. भारतात हे वाद्य दांडीच्या मींडेवरच वाढलं. अमेरिकेत त्याला पाय फुटले.

दांडी सरळ असते, त्यामुळे सगळ्या तारा एकत्र वर जातात आणि एकत्रच खाली येतात. रागाला ते पुरतं, कारण तिथं एका वेळी एकच स्वर बोलतो. कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीवर, उभ्या असलेल्या संगीताला ते अपुरं पडतं: तारा ज्या कॉर्डमध्ये लावल्या असतील, तेवढीच कॉर्ड हाती लागते. म्हणून वादक दोन, तीन, चार मानांची (मान म्हणजे तारा ताणलेली पट्टी) वाद्यं वापरू लागले आणि प्रत्येक मान वेगळ्या स्वरांत लावू लागले. दुसरा मार्ग म्हणजे पायानं तारेचा ताण बदलणं. गिब्सनची इलेक्ट्राहार्प १९४० च्या सुमारास आली, पण महायुद्धानं ते काम अडलं. इंडियानापोलिसच्या हार्लिन बंधूंनी ‘मल्टी-कॉर्ड’ काढली. खरा कस लागला तो कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्स्बीच्या कामात. तो मोटारसायकलींचे भाग घडवणारा कारागीर. साचे करणं आणि ॲल्युमिनियम ओतणं हा त्याचा हातचा धंदा. १९४८ मध्ये त्यानं स्पीडी वेस्ट या वादकासाठी तीन मानांची, चार पेडलांची गिटार केली. लाकडात यंत्रशाळेची अचूकता आणणारा हा पहिला माणूस, असं आमचं मत आहे.

तोवर पेडल म्हणजे कॉर्ड बदलायचं साधन होतं: आधी दाबायचं, मग तार छेडायची. स्टीलवादक बड आयझॅक्सनं हा क्रम उलटा केला. गायक वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात त्यानं तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. गाणं १९५४ मध्ये कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि देशभरचे स्टीलवादक गॅरेजमध्ये आपल्या गिटारींना तारा, सळ्या, दारांच्या बिजागऱ्या जोडू लागले. काय ऐकू आलं होतं त्यांना? आपल्या भाषेत सांगायचं तर, सा-ग-प वाजत असताना सा जागेवर राहिला, ग सरकून म झाला आणि प सरकून ध झाला. एक स्वर स्थिर आणि शेजारचे दोन मींडेत. नुसत्या दांडीला हे जमत नाही.

आयझॅक्सचं ते पेडल दोन्ही बदल एकदम करायचं. बडी एमन्स या वादकानं ते दोन पेडलांत फोडलं: ‘ए’ पेडल प चा ध करतं, ‘बी’ पेडल ग चा म. दोन्ही शेजारी असल्यानं डाव्या पायाचा घोटा झुकवून एक, दुसरं किंवा दोन्ही दाबता येतात. जिमी डेनंही अशीच फोड केली, पण पेडलांचा क्रम उलटा ठेवला. आजही जुनी गिटार विकत घेताना ती ‘एमन्स मांडणी’ची की ‘डे मांडणी’ची हे पहिल्यांदा विचारावं. घोट्याची सवय बदलायला महिने जातात आणि जुन्या यंत्रणेत पेडलं उलटवणं हे दिवसभराचं काम होऊ शकतं.

पुढे एमन्सनं वरच्या बाजूला दोन तारा वाढवल्या आणि दहा तारांचं ‘ई नाइन्थ’ (तारा लावायची एक पद्धत) पक्कं झालं. ई हा सा धरला तर पहिल्या तारेपासून दहाव्यापर्यंत स्वर असे: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. तारांची जाडी इंचात: ०.०१३, ०.०१५, ०.०११, ०.०१४, ०.०१७, ०.०२०, ०.०२६, ०.०३०, ०.०३४, ०.०३६. तिसरं ‘सी’ पेडल चौथ्या तारेचा सा रे वर आणि पाचव्या तारेचा प ध वर नेतं. गुडघ्यांच्या कळांनी सा कोमल रे वर चढतो किंवा नी वर उतरतो. दोन मानांच्या गिटारीत मागची मान ‘सी सिक्स्थ’मध्ये, जाझ आणि वेस्टर्न स्विंगसाठी.

आता यंत्रणेकडे. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी १९५० च्या दशकात शो-बड सुरू केली. जॅक्सनचा ‘शो’ आणि बडीचा ‘बड’. तिच्या सुरुवातीच्या ‘परमनंट’ आणि नंतरच्या ‘फिंगरटिप’ प्रकारांत लाकडी माना आहेत, आवाज गोल आणि थोडा खरखरीत. एमन्स १९६३ मध्ये बाहेर पडला आणि रॉन लॅशलीबरोबर नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनमध्ये एमन्स कंपनी उभी राहिली. तिची ‘पुश-पुल’ गिटार हे जुन्या वाद्यांतलं सर्वांत मानाचं नाव. तिच्यात पेडल सुटलेलं असताना तारेखालचा धातूचा घोडा (उजव्या टोकाला तार ज्याच्यावरून जाते तो हलणारा भाग) घट्ट टेकून बसतो, स्प्रिंगांवर लोंबकळत नाही. म्हणून तारेचं कंपन लाकडात जास्त उतरतं, असं वादक मानतात, आणि आमच्या कानाला ते पटतं. किंमत मोजावी लागते ती लावण्यात. आजच्या ‘ऑल-पुल’ गिटारीत उजव्या टोकाच्या नायलॉनच्या षटकोनी नटांना पाना लावून चढलेला-उतरलेला स्वर जुळवता येतो. पुश-पुलमध्ये काही जुळणी खाली, सळ्यांवरच्या कड्यांनी होते. त्यासाठी वाद्य उलटं करावं लागतं. दोन गाण्यांच्या मध्ये ते शक्य नसतं. म्हणून पुश-पुलवाले वादक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच सगळं जुळवतात आणि मंचावर फक्त मोकळ्या तारांना हात लावतात.

फेंडरची ‘४००’ आणि ‘१०००’ तिसऱ्याच जातीची. पेडलांपासून तारांपर्यंत पोलादी केबल धावतात. केबलची आकडी एका जागेवरून काढून दुसरीकडे अडकवली की पेडलचं काम बदलतं, हा तिचा मोठा गुण. केबल झिजून तुटते, हा दोष. सुटी केबल जवळ असेल तर दुरुस्ती सोपी. सुरुवातीला गुडघ्याच्या कळा नव्हत्या. राल्फ मूनीनं ‘१०००’वर आणि स्नीकी पीट क्लाइनोनं आठ तारांच्या ‘४००’वर आयुष्यभराची ओळख कमावली.

मंचावर जुनं वाद्य कुठं दगा देतं? सर्वांत आधी तिसरी तार. ०.०११ ची ती बारीक तार साधारण २४ इंचांच्या लांबीवर ‘जी शार्प’ या स्वरात (वरच्या यादीतला ग) ताणलेली असते आणि ‘बी’ पेडल तिला आणखी अर्धा स्वर चढवतं. ती बहुधा घोड्याच्या माथ्यावरच तुटते, कारण त्याच जागी ती हजारदा वाकते. जुन्या घोड्याच्या ॲल्युमिनियममध्ये तारांनी खाच पाडलेली असते. ती अतिबारीक पॉलिश कागदानं गुळगुळीत केली की तार जास्त टिकते. तरी जपून वाजवणारे ती तुटायच्या आधीच बदलतात.

दुसरं दुखणं, स्वर परत जागेवर न येणं. चढवून सोडलेली तार थोडी उतरलेली राहिली किंवा उतरवून सोडलेली थोडी चढलेली, तर संशय नटाच्या रोलरवर, म्हणजे डाव्या टोकाला तारा ज्या छोट्या चाकांवरून जातात त्यांच्यावर, घ्यावा. वर्षानुवर्षांचं तेल तिथं आणि घोड्याच्या आसावर चिकट होऊन बसतं. तारा काढायच्या, लायटरच्या द्रवानं मळ सोडवायचा, पुसून वाळवायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्यायचा. द्रव लॅकरवर सांडू देऊ नये. वरून भरमसाट तेल फवारलं तर धूळ धरून सहा महिन्यांत तेच दुखणं परत येतं.

तिसरं, पेटीचं वाकणं. पेडलं दाबली की मेपलची पेटी किंचित लवते आणि न दाबलेल्या ताराही उतरतात. ट्यूनर लावून चौथी तार छेडावी आणि ‘ए’, ‘बी’ एकत्र दाबून काटा पाहावा. दोन ते पाच सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खपतात. दहाच्या पुढे गेलं तर पेटीचे सांधे आणि स्क्रू तपासावेत. याची भरपाई म्हणून बरेच वादक मोकळा सा अंमळ चढा ठेवतात. गांधार मात्र कीबोर्डपेक्षा दहा-चौदा सेंट उतरता लावतात, तंबोऱ्यातून ऐकू येतो तसा. कीबोर्डवाल्याबरोबर वाजवताना हा गांधार टोचतो, आणि तिथं प्रत्येकजण आपली तडजोड शोधतो.

उष्णतेचाही प्रश्न आहे. ॲल्युमिनियमची मान मंचाच्या दिव्यांखाली तापून लांबते आणि सगळं वाद्य सरकतं. गाडीतून उतरवल्यावर अर्धा तास तरी ते खोलीच्या हवेत उभं राहू द्यावं, मगच लावावं. दोन मानांची जुनी गिटार वाहून न्यायच्या खोक्यासकट तीस किलोच्या पुढे जाते. पेडलांच्या सुट्या सळ्या घरी विसरल्या तर वाद्य मुकंच, म्हणून त्या खोक्याच्याच कप्प्यात राहाव्यात. व्हॉल्यूम पेडलचं पोटेन्शिओमीटर (आवाज कमी-जास्त करणारा भाग) खरखरतं आणि त्याच्या आतला दोरा तुटतो. सुटा दोरा जवळ हवा.

हे वाद्य कंट्रीपुरतं उरलं नाही. अमेरिकेतल्या ‘हाउस ऑफ गॉड’ चर्चांत १९३० च्या दशकापासून कृष्णवर्णीय वादक स्टीलवर भजनं वाजवत आले. पुढे त्यांनी पेडल स्टील घेतली आणि त्या परंपरेतून रॉबर्ट रँडॉल्फ जगापुढे आला. नायजेरियात किंग सनी अडे यांच्या जुजू (तिथलं एक लोकप्रिय संगीत) वृंदात डेमोला अडेपोजूनं पेडल स्टील वाजवली.

सुट्या भागांपाशी मात्र जुन्या वाद्यांमध्ये फरक पडतो. बिग्स्बी आणि एमन्सचे भाग बहुतांशी घन ॲल्युमिनियम आणि पोलादाचे. झिजले तर चांगला टर्नर ते पुन्हा घडवू शकतो. शो-बडच्या १९७० च्या दशकातल्या अनेक गिटारींत, विशेषतः शिकाऊ ‘मॅव्हरिक’मध्ये, स्वस्त जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग आहेत. ते वयाबरोबर भेगाळतात आणि वाजवता वाजवता तुटतात. अशी गिटार घ्यायची असेल तर आधी खाली टॉर्च लावून प्रत्येक क्रँक (पेडलची ओढ सळ्यांकडे नेणारा छोटा दांडा) बोटानं हलवून पाहावी. आता लहान कारखाने हे भाग ॲल्युमिनियममध्ये नव्यानं करून देतात. संग्राहकांना मूळ भाग हवे असतात; रोज वाजवणाऱ्यानं मूळ भाग पिशवीत नीट ठेवून नवे बसवावेत. पिकअपचं (तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचं) तसंच: केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं वेटोळं आतून गंजून तुटलं तर ते पुन्हा गुंडाळून घेता येतं, फक्त मूळ लोहचुंबक टाकू देऊ नये.