पावसाळी कातळ, समुद्राचं पाणी आणि पायातले बूट

जून उजाडला की ठाणे-नवी मुंबईतल्या बुटांच्या दुकानांत गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, “वॉटरप्रूफ आहेत ना?” कर्नाळा, माहुली, पेब असल्या वाटांवर पावसात जायचं असेल, तर हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी सोल बघावा, मग बुटात शिरलेलं पाणी किती लवकर बाहेर पडतं ते बघावं. आपल्याकडच्या पावसात पाणी आत शिरणारच आहे.

वॉटरप्रूफ बुटात वरच्या कापडाखाली एक पातळ पडदा असतो. आपण टेफ्लॉन म्हणून ओळखतो ते पीटीएफई झटक्यात ताणलं की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात, हे अमेरिकी अभियंते बॉब गोर यांना १९६९ मध्ये सापडलं. असल्याच ताणलेल्या पीटीएफईचा हा पडदा असतो. ही छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा मोठी असतात. त्यामुळे पाऊस बाहेर राहतो आणि घामाची वाफ निघून जाते. पण वाफ बाहेर पडते ती बुटाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबात फरक असतो म्हणून. कोरड्या, थंड हिमालयात हा फरक भरपूर असतो. जुलैत आपल्या डोंगरांत हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात गेली की तो खूपच कमी होतो आणि पाय घामानेच भिजतो. त्यात ओढा गुडघाभर लागला, तर पाणी घोट्यापाशी वरून शिरतं आणि तोच पडदा ते आत कोंडून ठेवतो. पायावरचं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं, त्यामुळे बुटातलं पाणी घेऊन चढणं महागात पडतं.

म्हणून जाळीदार कापडाचे, कमी फोमचे, लवकर निथळणारे बूट घ्यावेत. घरीच परीक्षा घेता येते. मोजे-बूट घालून बादलीत पाय घोट्यापर्यंत बुडवा आणि मग गच्चीवर किंवा अंगणात पन्नास पावलं चाला. तेवढ्यात बरंचसं पाणी निघून गेलं पाहिजे. छपछप आवाज चालूच राहिला, तर ते बूट पावसाळी ट्रेकचे नाहीत. वॉटरप्रूफ जोडी हिवाळी, दवाच्या वाटांसाठी ठेवा.

आता सोल. रबर दगडाला दोन प्रकारे धरतं. एक म्हणजे रबराचे रेणू दगडाच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. दुसरं म्हणजे मऊ रबर दगडाच्या खडबडीतपणात दबतं, आकार बदलतं आणि त्यात ऊर्जा खर्च झाल्याने घसरण रोखली जाते. मध्ये पाण्याचा थर आला की पहिली पकड जवळपास जाते आणि सगळी भिस्त दुसरीवर येते. म्हणूनच ओल्या दगडावर मऊ रबर टिकतं, कडक रबर सटकतं. दुकानात सोलच्या खाचेत अंगठ्याचं नख दाबून पाहा. नख थोडं रुतून ठसा लगेच भरून आला तर रबर ठीक आहे, नख प्लॅस्टिकसारखं घसरलं तर ती जोडी ठेवून द्या. चपलांचा फोम आणि पीव्हीसीचे सोल ओल्या कातळावर घात करतात. ते घालून धबधब्याखाली जाणं खरोखर धोक्याचं आहे.

पर्वतारोहणातला रबरी सोल एका दुर्घटनेतून आला. १९३५ मध्ये इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांचे सहा साथीदार आल्प्समध्ये दगावले. त्यांच्या पायांत योग्य बूट नव्हते, हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं. त्यानंतर ब्रामानींनी खोल खाचांच्या व्हल्कनाइज्ड रबराच्या सोलचं पेटंट १९३७ मध्ये घेतलं. आज दुकानात दिसणारे चौकोनी उंचवटे त्याच घराण्यातले.

या उंचवट्यांबाबत सह्याद्री एक पेच टाकतो. चिखलाला खोल आणि विरळ खाचा लागतात. खोल असल्या की रुततात, विरळ असल्या की चिखल झडून पडतो. ओल्या सपाट कातळाला मात्र उलटं हवं असतं, म्हणजे दगडाला टेकणारं रबर जितकं जास्त तितकं बरं. आपल्या वाटेवर अर्ध्या तासात चिखल, घसारा (सुट्या मुरमाचा उतार) आणि रॉकपॅच (हात टेकून चढायचा कातळटप्पा) तिन्ही येतात. त्यामुळे मधला मार्ग घ्यावा: साधारण ४ मिलिमीटर खोल खाचा, आणि चवड्याखाली रुंद, सपाट ठोकळे. झिजून खाचा २ मिलिमीटरच्या आत आल्या की ती जोडी पावसात वापरू नये.

शेवाळापुढे मात्र कुठलंही रबर हात टेकतं. आपला बेसॉल्ट मुळात खडबडीत आणि पकडीला चांगला, पण पाणी झिरपत राहतं तिथे त्यावर शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर धरतो. रबर दगडापर्यंत पोचतच नाही, त्या थरावरच सरकतं. काळपट-हिरवी, चकचकीत जागा दिसली की पाऊल दुसरीकडे टाका. पर्याय नसेल तर पाऊल छोटं आणि पूर्ण तळवा टेकवून ठेवा. टाचेच्या कडेवर भार आला की बूट निसटतो. आणि पांडवकड्यासारख्या धबधब्यांवर पावसाळ्यात प्रवेशबंदी लागते, ती चांगल्या बुटांनी उठत नाही.

दमट शहरांतल्या लोकांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यायलाच हवी. कपाटात चार-पाच वर्षं जपून ठेवलेले, नव्यासारखे दिसणारे बूट अर्ध्या वाटेत ‘आ’ वासतात. दोष बहुतेकदा गोंदाचा नसतो. अनेक ट्रेकिंग बुटांत सोलच्या वरचा उशीसारखा थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतलं बाष्प त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतं. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. उष्णता आणि दमटपणा जितका जास्त, तितका वेग जास्त. बूट न वापरल्याने हे थांबत नाही, आणि ओलसर बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले तर वाढतं. ट्रेकच्या आठवडाभर आधी त्या थरावर अंगठा जोरात दाबा, सोल दोन्ही हातांनी वाकवा. चिरा दिसल्या, भुगा सुटला किंवा चिकट लागलं, तर जोडी संपली. काही बुटांत त्या जागी ईव्हीए नावाचा हलका फोम असतो. त्याला हा रोग होत नाही, तो फक्त दबून चपटा होतो. फोम शाबूत असून फक्त कड सुटत असेल, तर मोच्याकडून सोलला चारही बाजूंनी शिलाई मारून घ्यावी. झटपट चिकटणारा गोंद वाळल्यावर कडक होतो आणि बूट वाकला की तडकतो. तो वापरू नका.

मापासाठी संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात. ट्रेकचेच मोजे घाला. बोटांपुढे सुमारे १ सेंटिमीटर जागा हवी, नाहीतर उतरताना नखं आपटून काळी पडतात. टाच मात्र हलता कामा नये. मोजे सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं, आणि भिजून मऊ पडलेल्या कातडीवर घर्षण वाढल्याने फोड येतात. नायलॉन-पॉलिएस्टरचे किंवा लोकरीचे घ्या, आणि एक कोरडा जोड पिशवीत बांधून ठेवा.

घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा, चिखल्या तिथूनच सुरू होतात. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. २४ ते ७२ तासांत डॉक्टरांचा सल्ला घ्या. मधुमेह असलेल्यांनी तळवे रोज उजेडात तपासावेत, कारण जखम दुखेलच असं नाही. बूट धुऊन, आतला सुकतळा काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा आणि बोळे दोन-तीन तासांनी बदला. कडक उन्हात किंवा हीटरजवळ गोंद सैल होतो.

तारकर्लीला किंवा अंदमानला जाणाऱ्यांनी ट्रेकिंगचे बूट समुद्रात नेऊ नयेत. सुकलेलं मीठ आणि वाळू कापड आणि कातडी दोन्ही घासून काढतात. पाण्यासाठी पातळ रबरी सोलचे, पायाला घट्ट बसणारे वॉटर शूज वेगळे घ्यावेत. चप्पल पहिल्याच लाटेत जाते. या बुटांनी खडकावरच्या कालवांच्या धारदार कडा आणि प्रवाळाचे तुकडे लागत नाहीत. जिवंत प्रवाळावर मात्र बूट असले तरी उभं राहू नका, एका पावलाखाली वर्षानुवर्षांची वाढ मोडते. वॉटर शूज घालून डोंगर चढायलाही जाऊ नका. टाचेला आधार नसतो आणि पातळ सोलमधून प्रत्येक खडा टोचतो.

काट्यांपुढे मात्र हा सोल कमी पडतो. अंदमानच्या पाण्यात दगडासारखा निपचित पडून राहणारा स्टोनफिश असतो, त्याचे विषारी काटे पातळ रबर भेदू शकतात. शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा पाकट (स्टिंग रे) तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर गणेशविसर्जनाच्या वेळी अनेकांना पाकटांचे दंश झाले होते. उथळ, वाळूच्या तळाच्या पाण्यात पाऊल उचलून टाकण्याऐवजी तळाशी सरकवत चाला. पाकट हालचाल ओळखून बाजूला होतो, दंश करतो तो बहुधा अंगावर पाय पडल्यावरच. दंश झालाच, तर पाय सोसेल इतक्या गरम, पण ४५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त नसलेल्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा, वेदना कमी होतात. पाणी आधी न दुखणाऱ्या पायावर पाहून घ्या, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. काटा खोल रुतला असेल तर स्वतः ओढू नका, आणि काटा दिसत नसला तरी रुग्णालयात जाऊन जखम तपासून घ्या.