पीतबिंदूचा वार्धक्यजन्य ऱ्हास : नवे उपचार

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूतील पेशी उतारवयात झिजू लागतात आणि मधली नजर जाते. बाजूचे दिसत राहते, त्यामुळे माणूस घरात वावरतो. पण वाचन, निवडण-टिपण, समोरच्याचा चेहरा ओळखणे कठीण होते. मोतीबिंदूच असेल, पुढे बघू, असे समजून तपासणी लांबवली, तर फार नुकसान होते. कारण गेलेल्या पेशी परत आणणारे औषध आजही नाही.

विकाराचे कोरडा आणि ओला असे दोन प्रकार आहेत. ओल्या प्रकारात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून द्रव व रक्त झिरपते आणि काही आठवड्यांतही नजर ढासळू शकते. या वाढीला चालना देणारे प्रथिन रोखणाऱ्या रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली, आणि चित्र पालटले. डोळ्यात दरमहा इंजेक्शन घेतलेल्या सुमारे ९५ टक्के रुग्णांची नजर वर्षभर बऱ्यापैकी टिकली. बऱ्याच जणांची सुधारलीही. त्याआधीच्या लेझर उपचारांत असे क्वचितच घडे.

औषध महाग होते. मायामीतील डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी २००५ मध्ये कर्करोगावरचे, अल्प मात्रेत बरेच स्वस्त पडणारे बेव्हॅसिझुमॅब डोळ्यात वापरून पाहिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी तुलनात्मक चाचणीत एका वर्षानंतर दोन्ही औषधांनी नजरेला सारखाच लाभ झाल्याचे दिसले. खिशातून खर्च करणाऱ्या भारतीय रुग्णांसाठी हा शोध नव्या औषधांइतकाच मोठा मानला पाहिजे. २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबची जैवसमरूप, म्हणजे मूळ औषधाशी जवळजवळ सारखी, आवृत्ती भारतात आणली.

खरी अडचण फेऱ्यांची आहे. इंजेक्शने वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, वृद्धासोबत दर वेळी कोणीतरी जावे लागते, आणि खंड पडला की नजर पुन्हा घसरू शकते. २०२२ मध्ये मान्य झालेले फॅरिसिमॅब दोन प्रथिने रोखते. काही रुग्णांत दोन इंजेक्शनांतले अंतर त्यामुळे १६ आठवड्यांपर्यंत नेता येते. डोळ्यातच औषध तयार व्हावे यासाठी जनुकीय उपचारांच्या चाचण्या चालू आहेत.

कोरडा प्रकार अधिक आढळतो, पण त्यावरचे उपाय तोकडे आहेत. मध्यम अवस्थेत क आणि ई जीवनसत्त्वे, जस्त, ल्युटीन यांच्या ठरावीक गोळ्या विकाराची वाढ मंदावतात. निरोगी डोळ्यांना त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. पुढच्या अवस्थेसाठी पेगसेटाकोप्लॅन आणि अव्हासिनकॅप्टॅड पेगोल यांना अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही औषधे झीज मंद करतात, थांबवत नाहीत. लाभ पुरेसा नाही म्हणून युरोपीय नियामकांनी पेगसेटाकोप्लॅन नाकारले.

पूर्ण झिजलेल्या भागासाठी ‘प्रिमा’ ही २ मिलिमीटर रुंदीची चिप पडद्याखाली बसवतात. चष्म्यावरचा कॅमेरा टिपलेले दृश्य अवरक्त किरणांनी तिच्यावर पाडतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेर तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांची नजर लक्षणीय सुधारली. ही नजर कृष्णधवल असते आणि अक्षरे वाचण्यासाठी अनेक महिने सराव करावा लागतो.