गिगवर अनोळखी अ‍ॅम्प मिळाला तर
गिटारवादक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पेडल्समध्ये पुष्कळदा बिघाड सापडतच नाही. ग्राहकाची तक्रार मात्र खरी असते. घरी भरदार वाजणारा टोन स्टेजवर पातळ झाला, कानात टोचायला लागला, नाहीतर ड्रम्स सुरू होताच ऐकू येईनासा झाला. थोडी चौकशी केली की कळतं, तिथे अ‍ॅम्प दुसराच होता आणि साउंडचेकला जेमतेम दहा मिनिटं मिळाली होती. पेडल बदलून हा प्रश्न सुटत नाही. तो कशाने सुटतो, ते इथे लिहिलं आहे.

आमचं सांगणं थोडक्यात असं: अनोळखी अ‍ॅम्पवर पाठ केलेले आकडे चालत नाहीत, क्रम चालतो. आधी व्हॉल्यूम, मग मिड (मधले सूर), मग बेस (खालचे) आणि सगळ्यात शेवटी ट्रेबल (वरचे).

आकडे का चालत नाहीत

बहुतेक ट्यूब (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) अ‍ॅम्पमधले बेस, मिड आणि ट्रेबलचे नॉब पॅसिव्ह असतात. ते काहीही वाढवत नाहीत, फक्त कमी-जास्त कापतात. नॉब 10 वर आहे याचा अर्थ तिथे कापणं सगळ्यात कमी आहे, एवढाच. शिवाय तिन्ही नॉब एकाच सर्किटमध्ये गुंतलेले असतात, त्यामुळे ट्रेबल फिरवला की मिड आणि बेसचं वागणंही थोडं बदलतं.

सगळे नॉब 5 वर ठेवले की आवाज फ्लॅट होतो, असं अनेकजण धरून चालतात. तसं नसतं. फेंडरच्या पारंपरिक घडणीच्या अ‍ॅम्पवर सगळं 5 वर ठेवलं तर मिडमध्ये चांगलाच खड्डा पडलेला असतो. तिथे फ्लॅटच्या जवळ जायचं तर मिड 10 वर आणि बेस, ट्रेबल 2-3 वर आणावे लागतात. पॅनेलवर हे चित्र विचित्र दिसतं आणि शेजारी उभा असलेला एखादा वादक तसं बोलूनही दाखवतो. दिसण्याकडे लक्ष देऊ नका, वाजवून पाहा.

व्हॉल्यूमचंही तसंच आहे. काही अ‍ॅम्प 3 वरच अंगावर येतात. त्यापुढे नॉब फिरवला तर आवाज फारसा मोठा होत नाही, तो दाबला जातो आणि फाटायला लागतो. आणि 50 वॅटच्या जागी 100 वॅटचा अ‍ॅम्प मिळाला म्हणून आवाज दुप्पट होत नाही. फरक 3 डेसिबलचाच असतो, म्हणजे ऐकायला थोडासाच.

प्लग लावण्याआधी

हेड (नॉब असलेला भाग) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळे असतील तर त्यांना जोडणारी स्पीकर केबल बसली आहे ना, हे स्वतः हात लावून पाहा. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हेडवरचा ओहमचा आकडा कॅबिनेटच्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. गिटारची केबल स्पीकर केबल म्हणून वापरू नका. दिसायला दोन्ही सारख्या, पण गिटार केबलची आतली तार बारीक असते आणि तेवढा करंट तिला पेलत नाही. स्टँडबाय स्विच असेल तर आधी पॉवर, मिनिटभराने स्टँडबाय.

घूं असा आवाज येत असेल तर विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, कोणी सुचवलं तरी नाही. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. अर्थिंग नसलेल्या स्टेजवर एक हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकला, ही स्थिती जीवघेणी ठरू शकते. घूं घालवायची तर जागा बदला, गिटार हातात धरून थोडं वळून पाहा, पेडलबोर्ड आणि अ‍ॅम्प एकाच पॉइंटवरून घ्या.

क्रम

पेडलबोर्ड बाजूला ठेवा. गिटार थेट अ‍ॅम्पला लावा, गिटारवरचे नॉब पूर्ण उघडा. रिव्हर्ब शून्य, ब्राइट स्विच बंद, चॅनल क्लीन (न फाटणारा, स्वच्छ आवाजाचा). चॅनल बदलायचा फुटस्विच अनेक ठिकाणी हरवलेला असतो. तेव्हा पॅनेलवर ते बटण कुठे आहे, हे आत्ताच शोधून ठेवा.

आता आधी व्हॉल्यूम लावा, आणि तोही प्रत्यक्ष गिगमध्ये लागेल तेवढाच. जमल्यास ड्रमरला सोबत वाजवायला सांगा. हळू आवाजात टोन लावून नंतर व्हॉल्यूम वाढवणं ही आमच्या मते सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. आपला कान हळू आवाजात बेस आणि ट्रेबल कमी ऐकतो. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे घरी, रात्री, हळू आवाजात आपण बेस आणि ट्रेबल चढवून ठेवतो आणि तो टोन आवडतोही. तोच टोन स्टेजच्या व्हॉल्यूमला नेला की खाली घोंघावतो आणि वर बोचतो.

व्हॉल्यूम ठरला की मिड. एक कॉर्ड वाजवत मिडचा नॉब शून्यापासून 10 पर्यंत सावकाश फिरवा. कुठेतरी गिटार पुढे येऊन उभी राहते, तिथे थांबा. बहुतेकदा ती जागा घरच्या सवयीपेक्षा बरीच वर असते. एकट्याने वाजवताना असा टोन नाकात बोलल्यासारखा वाटेल, पण बँडमध्ये गिटार ऐकू येते ती याच मिडमुळे, साधारण 400 ते 2,000 हर्ट्झच्या पट्ट्यात. मिड कापलेला टोन एकट्याला मोठा आणि मखमली वाटतो, आणि बँड सुरू झाला की नाहीसा होतो.

मग बेस. गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार 82 हर्ट्झची, बेस गिटारची 41 ची. त्या आसपासची जागा बेस गिटार आणि किक ड्रमची आहे. तुमचा नॉब तिथे वाढवून ठेवलात तर तिघांचा गढूळ लगदा होतो. म्हणून बेस शून्यावर न्या आणि टोनला अंग येईल तेवढाच चढवा. जाड तारेवर तळहात ठेवून दाबून वाजवा. ठोका नेमका ऐकू आला तर ठीक, फुगत गेला तर मागे या.

ट्रेबल शेवटी. तो लावताना मात्र अ‍ॅम्पजवळ उभे राहू नका, का ते पुढे येतंच. प्रेझेन्सचा नॉब असेल तर ट्रेबल जमल्यावर त्याला हात लावा. तो पॉवर अ‍ॅम्पवर काम करतो आणि वरची धार ठरवतो.

ब्राइट स्विचबद्दल थोडं. तो बहुधा व्हॉल्यूमच्या नॉबभोवती एक छोटा कपॅसिटर जोडतो, ज्यातून वरच्या फ्रिक्वेन्सी नॉबला वळसा घालून पुढे जातात. म्हणूनच व्हॉल्यूम जितका कमी तितका ब्राइट स्विच जास्त टोचतो आणि व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर त्याचा परिणाम जवळजवळ उरत नाही. मोठा अ‍ॅम्प लहान खोलीत 2 वर वाजवायचा असेल तर हा स्विच बंदच ठेवा.

नेहमी समोर येणारे अ‍ॅम्प

रोलंड जेसी-120. 1975 पासून बनतोय आणि जगभर भाड्याच्या सामानात भेटतो. सॉलिड-स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा), 12 इंची दोन स्पीकर, अतिशय स्वच्छ आवाज. तो ट्यूब अ‍ॅम्पसारखा हळूहळू फाटत नाही, म्हणून डिस्टॉर्शन पेडल त्यावर चरचरीत वाटतं. ट्रेबल नेहमीपेक्षा बराच खाली, मिड वर, ब्राइट बंद, आणि पेडल्सचा सिग्नल जोरकस असेल तर लो इनपुट. त्याच्या कोरसची एक खुबी माहीत असू द्या: एका स्पीकरमधून साधा आवाज येतो, दुसऱ्यातून डोलणारा, आणि दोन्ही हवेत मिसळतात. साउंड इंजिनिअरने एकाच स्पीकरपुढे माइक लावला तर तुम्हाला ऐकू येणारा कोरस प्रेक्षकांपर्यंत पोचतच नाही. दोन माइक मागा, नाहीतर कोरसचं पेडल वापरा.

फेंडर ट्विन किंवा डिलक्स रिव्हर्ब. मिडमधल्या खड्ड्याबद्दल वर लिहिलंच आहे. डिलक्स रिव्हर्बच्या मूळ रचनेत मिडचा नॉबच नाही. तिथे बेस आणि ट्रेबल दोन्ही खाली आणून व्हॉल्यूम वाढवला की मिड आपोआप वर येतो.

व्हॉक्स एसी-30. टॉप बूस्ट चॅनलवर मिडचा नॉब नाही, युक्ती वरचीच. टोन कट हा नॉब उलटा चालतो. तो वाढवला की ट्रेबल कमी होतो. घाईत सगळ्यांची फसगत इथेच होते.

मार्शल. मिड आधीच पुढे असतो, त्यामुळे बेस आणि गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) यांवर लक्ष ठेवा. घरी लागतो त्याहून कमी गेन घ्या. मोठ्या व्हॉल्यूमला तारा तशाही जास्त वेळ घुमतात, आणि जास्त गेन म्हणजे आवाज दबलेला, नोट अस्पष्ट आणि फीडबॅकचा धोका.

अ‍ॅम्प कुठे आणि कसा ठेवलाय

नॉबपेक्षा जास्त फरक इथे पडतो, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

गिटारचा स्पीकर वरच्या फ्रिक्वेन्सी टॉर्चच्या झोतासारख्या समोर सरळ फेकतो. खालच्या फ्रिक्वेन्सी सगळीकडे पसरतात. अ‍ॅम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याच्यापुढे दोन पावलांवर उभे, म्हणजे झोत तुमच्या गुडघ्यांवर आणि कानांपर्यंत फक्त बेस. तुम्हाला टोन मंद वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि झोताच्या रेषेत बसलेले श्रोते कानावर हात ठेवतात. वाजवणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

उपाय सोपा. अ‍ॅम्प भक्कम खुर्चीवर किंवा पेटीवर ठेवा, अथवा मागे कलता करा, म्हणजे स्पीकर तुमच्या कानाकडे बघेल. हे जमत नसेल तर ट्रेबल लावताना एकदा अ‍ॅम्पसमोर खाली बसा आणि स्पीकरच्या उंचीवर कान आणून ऐका. बोचलं तर बोचेनासं होईपर्यंत ट्रेबल कमी करा.

पोकळ लाकडी स्टेजवर जमिनीला टेकलेला अ‍ॅम्प सगळं स्टेज घुमवतो. कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटून ठेवला तर बेस आणखी वाढतो. बेसचा नॉब तळाला नेऊनही आवाज घुमत असेल तर अ‍ॅम्प उचला आणि भिंतीपासून हातभर पुढे आणा. रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेक केला असेल तर हेही ध्यानात ठेवा: माणसं भरली की त्यांचे कपडे आणि शरीरं वरच्या फ्रिक्वेन्सी शोषून घेतात. दुपारी किंचित तेज वाटणारा टोन संध्याकाळी बरोबर बसतो.

पेडल्स

आता पेडलबोर्ड जोडा. सगळी पेडल्स बंद ठेवून एक कॉर्ड वाजवा आणि मघाच्या थेट आवाजाशी ताडून पाहा. धार गेली असेल तर केबलची एकूण लांबी जास्त आहे. केबल जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स जास्त आणि ट्रेबलची गळती जास्त. सुरुवातीला एक बफर (सिग्नल भक्कम करणारं छोटं सर्किट) लावला तर हे थांबतं.

अनोळखी अ‍ॅम्पवर जाणाऱ्या प्रत्येकाने दोन पेडल्स जवळ ठेवावीत, असं आम्ही आग्रहाने सांगतो. एक, मिड पुढे आणणारा हलका ओव्हरड्राइव्ह, गेन जवळजवळ शून्यावर. दुसरा, ग्राफिक ईक्यू (फ्रिक्वेन्सीचा प्रत्येक पट्टा वेगळा कमी-जास्त करणारं पेडल). त्या दिवशीच्या अ‍ॅम्पची भरपाई ईक्यूवर करा, बाकी बोर्डाला हात लावू नका. फझ (आवाज खरखरीत फाडणारं पेडल) मात्र गोलसर, मिड असलेल्या अ‍ॅम्पवरच खुलतो. फेंडर किंवा जेसीवर फझनंतर तोच हलका ओव्हरड्राइव्ह चालू ठेवा, माशीसारखी गुणगुण बरीच कमी होते.

अ‍ॅम्पचा स्वतःचा आवाज कशानेच जमत नसेल आणि मागे इफेक्ट्स लूप (बाहेरची पेडल्स जोडायची सेंड-रिटर्नची जागा) असेल, तर प्रीअ‍ॅम्प पेडल किंवा मॉडेलर (वेगवेगळ्या आवाजांची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) सरळ रिटर्नमध्ये लावा. अ‍ॅम्पचा पुढचा भाग वगळला जातो, पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर तेवढे वापरले जातात. असं करताना मॉडेलरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) बंद करा, कारण खरा स्पीकर समोर आहेच. जोडताना पेडलचं किंवा मॉडेलरचं आउटपुट शून्यावर ठेवून मग वाढवा. बऱ्याच अ‍ॅम्पवर मास्टर व्हॉल्यूम लूपच्या आधी येतो, आणि तसं असेल तर रिटर्नमधून आलेला आवाज तो आवरू शकत नाही.

माइक आणि वाजवताना

अ‍ॅम्पपुढे माइक असेल तर त्याची जागा हाही एक टोनचा नॉबच आहे. स्पीकरच्या मधल्या गोल टोपीवर रोखला तर आवाज तेज, टोपीच्या कडेकडे सरकवला तर मऊ. पीएमधून (श्रोत्यांकडच्या मोठ्या स्पीकरमधून) गिटार बोचतेय असं कोणी सांगितलं तर अ‍ॅम्पला हात लावण्याआधी साउंड इंजिनिअरला माइक दोन बोटं बाजूला घ्यायची विनंती करा. तो आनंदाने करतो.

एकदा वाजवायला लागलात की अ‍ॅम्पचे नॉब सोडा आणि गिटारवरचे वापरा. म्हणूनच टोन लावताना तो किंचित तेज आणि किंचित मोठा ठेवून गिटारचा व्हॉल्यूम 8 वर आणावा. साथीला 7, लीडला 10, बोचलं तर टोनचा नॉब थोडा बंद.

आमच्याकडे येताना

तरीही टोन जमत नसेल तर गिटार, पूर्ण पेडलबोर्ड आणि तुमची नेहमीची केबल, तिन्ही घेऊन या. एकटं पेडल आणलं तर साखळीतला दोष सापडत नाही. शक्य असेल तर त्या ठिकाणच्या अ‍ॅम्पच्या पॅनेलचा, स्पीकरच्या बाजूचा आणि मागच्या जोडण्यांचा असे तीन फोटो काढून आणा. आमच्याकडच्या अ‍ॅम्पांवर ट्यूब आणि सॉलिड-स्टेट दोन्हींची तुलना गिगच्या व्हॉल्यूमला करून बघता येते. त्यासाठी आधी वेळ ठरवून या.