जलतरणपटूंचा खांदा

स्पर्धात्मक पोहणाऱ्यांना वारंवार जडणाऱ्या आणि महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या खांदेदुखीला क्रीडावैद्यकात दिलेले हे सामूहिक नाव आहे. जे. सी. केनेडी आणि आर. जे. हॉकिन्स या कॅनेडियन अस्थिशल्यचिकित्सकांनी १९७४ मध्ये ते वापरात आणले. दंडाचे हाड आणि खांद्याची वरची कमान यांच्या फटीत कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) चेपली जाते व घासते, असे त्या वेळचे स्पष्टीकरण होते. ते आजही चुकीचे ठरलेले नाही, मात्र अपुरे ठरले आहे. कंडरेची झीज, सांध्याचा अतिसैलपणा, सांध्याच्या खोबणीभोवतीच्या लॅब्रम या कूर्चेच्या कडेला पडलेली चीर, फऱ्याच्या हाडाची बिघडलेली हालचाल, क्वचित मज्जातंतूवरचा दाब, अशी अनेक कारणे या एका नावाखाली येतात आणि एकाच खांद्यात त्यांतील दोन-तीन एकत्रही आढळतात. निरनिराळ्या पाहण्यांमध्ये स्पर्धात्मक जलतरणपटूंपैकी ४० ते ९१ टक्क्यांनी खांदेदुखीची तक्रार नोंदवली आहे. आकड्यांतील ही तफावत मुख्यतः ‘दुखणे’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे, कारण पोहल्यावर खांदा ठणकणे हे सरावाचेच अंग आहे, असे बहुतेक पोहणारे मानतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

रचना व कारणे : खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा ज्या खोबणीत बसतो ती उथळ आणि माथ्याच्या मानाने लहान असते. म्हणून त्याला जागेवर ठेवण्याचे काम हाडांपेक्षा स्नायूंनाच अधिक करावे लागते. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस या चार स्नायूंच्या कंडरा माथ्याभोवती वेढा घालतात. त्या वेढ्याला रोटेटर कफ म्हणतात. फऱ्याचे हाड छातीच्या पिंजऱ्याला धरून ठेवणारा सेरेटस अँटीरियर हा पाचवा स्नायूही येथे तितकाच महत्त्वाचा आहे. फ्रीस्टाइल पोहताना बाकीचे स्नायू आलटून पालटून विसावतात. सबस्कॅप्युलॅरिस आणि सेरेटस अँटीरियर यांना मात्र पूर्ण आवर्तनात विसावा मिळत नाही, असे १९९१ मधील विद्युत्‌-स्नायुमापनाच्या, म्हणजे स्नायूंतील विद्युत संकेतांवरून त्यांचे काम मोजणाऱ्या, अभ्यासांत दिसून आले. दुखऱ्या खांद्यात हात पाणी ओढत असताना सेरेटसचे काम घटलेले आढळले. तो थकला की फऱ्याचे हाड वेळेवर वर फिरत नाही, कमानीखालची फट अरुंद राहते आणि सुप्रास्पायनेटसची कंडरा तेथे चेपली जाते.

हे सारे किती वेळा घडते, याचा साधा हिशेब मांडता येतो. २५ मीटरच्या एका फेरीत प्रत्येक हाताचे ८ ते १० फटके धरले, तर ५ किलोमीटरच्या एका सत्रात एक हात १,६०० ते २,००० वेळा डोक्यावरून फिरतो. आठवड्यातून सहाच सत्रे धरली तरी ही संख्या १० हजारांच्या घरात जाते आणि वरच्या गटांतील मुले आठवड्याला याहून बरीच अधिक सत्रे करतात. पोहण्याच्या चारही प्रकारांच्या स्पर्धकांचा सराव बहुतांशी फ्रीस्टाइलमध्येच होत असल्याने ब्रेस्टस्ट्रोकचा खेळाडूही यातून सुटत नाही. वरिष्ठ दर्जाच्या ८० जलतरणपटूंवरील २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंडरेच्या विकाराचा संबंध सांध्याच्या सैलपणापेक्षा आठवड्याचे तास आणि किलोमीटर यांच्याशी अधिक स्पष्टपणे जुळला. मूळ प्रश्न भाराचा आहे; शैलीतील दोष आणि शरीराची ठेवण त्या भाराला वाट करून देतात.

शैलीतले नेहमीचे दोष पुढीलप्रमाणे सांगितले जातात. पाण्यात शिरताना हात डोक्यापुढील मध्यरेषा ओलांडून पलीकडे जाणे, तळवा बाहेर वळवून अंगठा आधी घालणे, अंग पुरेसे न फिरवता केवळ खांद्याच्या बळावर हात बाहेर काढणे आणि नेहमी एकाच बाजूने श्वास घेणे, या सर्वांत दंड आत वळलेला व वर उचललेला राहतो. हातांना लावायची प्लास्टिकची पॅडल पाण्याचा विरोध वाढवतात आणि थकलेल्या हातावर तीच सर्वाधिक त्रास देतात. किकबोर्डचा, म्हणजे पाय मारण्याच्या सरावात हातांत धरायच्या तरंगत्या फळीचा, धोका सहसा लक्षात येत नाही. खांदा दुखतो म्हणून ‘आज नुसत्या किक मार’ असे सांगितले जाते आणि मूल दोन्ही हात ताणून बोर्ड धरते, तेव्हा दुखरा सांधा नेमक्या त्याच अडचणीच्या स्थितीत बराच वेळ दाबला जातो. अशा वेळी हात अंगालगत ठेवून किंवा पाठीवर उताणे होऊन किक मारणे योग्य ठरते.

तलावाच्या काठावर वॉर्म-अपच्या नावाखाली चालणारी जोडीतली ताणाताणीही अशीच आहे. एक मूल बसते, दुसरे मागून त्याचे दोन्ही हात पाठीमागे खेचून मनगटे एकमेकांवर आणते आणि मनगटे जितकी अधिक ओलांडतील तितके कौतुक होते. ज्यांचे सांधे जन्मतःच सैल असतात अशी मुले पोहण्यात बऱ्याचदा पुढे येतात, कारण त्यांचा हात लांब पोहोचतो. नेमक्या याच मुलांच्या सांध्याची पुढची बाजू या खेचण्याने आणखी ढिली होते. नऊ गुणांच्या बेटन मापनाने हा सैलपणा पाच मिनिटांत तपासता येतो. तरीही प्रवेशाच्या वेळी ही तपासणी करणारा प्रशिक्षणवर्ग विरळाच असतो.

मुंबईतील परिस्थिती : शहरात सरावाची जागा अपुरी आहे. शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी जलतरण तलाव, चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य तलाव, कांदिवलीचा सरदार वल्लभभाई पटेल तलाव, अंधेरीचे शहाजी राजे क्रीडासंकुल आणि काही जिमखाने व क्लब यांवर सारी मदार असते. एकेका लेनमध्ये निरनिराळ्या वेगाची मुले एकामागून एक पोहतात. पुढच्याच्या पायाला हात लागू नये म्हणून डोके वर ठेवून, अंग न फिरवता पोहण्याची सवय लागते. सत्र संपल्यावर ओल्या सामानाने जड झालेली सॅक एकाच खांद्याला अडकवायची आणि गर्दीच्या लोकलमध्ये दुसरा हात उंचावून वरची कडी धरायची, असा पुढचा तास जातो. वैद्यकीय अहवालात ही कडी कधी येत नाही. मात्र उपचार करणाऱ्याने रुग्णाला तिच्याबद्दल विचारायला हरकत नाही, कारण थकलेल्या रोटेटर कफला अर्धा तास वर टांगून ठेवणे म्हणजे विश्रांती नव्हे.

वेळापत्रकाचा प्रश्न याहून गंभीर आहे. दहावी-बारावीच्या वर्षी पोहणे हिवाळ्यात कमी होते किंवा थांबते आणि परीक्षा आटोपताच सुट्टीत दोन वेळचा सराव पूर्ण जोराने सुरू होतो. कंडरा भार घ्यायला हळूहळू शिकते आणि विश्रांतीत ते लवकर विसरते. अशा एकाएकी वाढलेल्या भारानंतर दोन-तीन आठवड्यांत दुखणे उपटणे अगदी अपेक्षित आहे. दुखणे लपवण्यामागे व्यवहारही असतो. राज्यात क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय सेवेतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण स्पर्धांतील कामगिरीवर ठरते, त्यामुळे निवड चाचणीच्या तोंडावर ‘खांदा दुखतोय, सर’ असे सांगणे मुलाला परवडत नाही आणि पुष्कळदा पालकांनाही नाही.

समुद्रातील पोहण्याचा मुंबईत वेगळा वर्ग आहे. मुंबई बंदरातील संक रॉक दीपस्तंभ ते गेटवे ऑफ इंडिया, घारापुरी ते गेटवे आणि सुमारे ३५ ते ३६ किलोमीटरचे धरमतर ते गेटवे ही अंतरे येथील पोहणाऱ्यांच्या परिचयाची आहेत. धरमतरच्या पल्ल्याला भरती-ओहोटीच्या साथीनेही कित्येक तास लागतात. मिनिटाला प्रत्येक हाताचे २५ ते ३० फटके धरले, तर दर तासाला दीड हजार ते अठराशे आवर्तने होतात आणि विसावा घ्यायला भिंत नसते. तलावात प्रत्येक वळणावर भिंतीला पाय मारून पुढे सरकताना खांद्याला दोन-तीन सेकंद उसंत मिळते. समुद्रात तीही नाही. त्यात दिशा पाहण्यासाठी वारंवार डोके उचलावे लागते आणि लाटांवरून हात नेताना तो तलावातल्यापेक्षा उंच काढावा लागतो.

लक्षणे व निदान : दुखणे खांद्याच्या पुढच्या किंवा बाहेरच्या बाजूला, बहुधा हात पाण्यात शिरून ओढायला सुरुवात करताना जाणवते. आधी ते फक्त सरावानंतर असते, मग सरावात येते आणि अखेर त्या कुशीवर झोपू देत नाही. काठावरून पाहणाऱ्या प्रशिक्षकाला ते खेळाडूने सांगण्याआधीही दिसू शकते : हात बाहेर काढताना कोपर खाली पडते, हात नेहमीपेक्षा लांब, बाहेरच्या अंगाला पाण्यात शिरतो आणि तो लवकर बाहेर निघतो. तपासणीत हात ठरावीक रीतीने उचलून किंवा वळवून कंडरा चेपली जाते का, हे पाहणाऱ्या नीअर आणि हॉकिन्स-केनेडी या चाचण्या केल्या जातात. दुसरी चाचणी या विकाराचे नाव रूढ करणाऱ्या त्याच दोघांची आहे. मानेतून उतरणारी वेदना, हाताला येणाऱ्या मुंग्या आणि बोटांचा बधिरपणा वेगळा तपासावा लागतो. पन्नाशीपुढच्या पोहणाऱ्याचा डावा खांदा श्रमाने दुखून विश्रांतीने थांबत असेल, तर आधी हृदयाचा विचार करावा.

एमआरआयचा अहवाल जपून वाचावा लागतो. २०१० च्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासात एमआरआय केलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ६९ टक्क्यांच्या सुप्रास्पायनेटस कंडरेत विकृती आढळली. न दुखणाऱ्या खांद्यांतही असे बदल दिसतात. अहवालातील ‘पार्शियल टिअर’ (कंडरा अंशतः फाटणे) हे दोन शब्द वाचून घरात घबराट पसरते. मात्र उपचार चित्रावरून न ठरवता तपासणी आणि चित्र यांचा मेळ घालून ठरवायचे असतात.

उपचार : पूर्ण बंदी क्वचितच लागते. अंतर घटवणे, पॅडल बंद करणे, बटरफ्लाय तात्पुरते सोडणे आणि दुखण्याच्या मर्यादेत पोहत राहणे ही पहिली पायरी आहे. तिच्या जोडीला रबरी पट्ट्याने दंड बाहेर फिरवण्याचे, फऱ्याचे हाड मागे ओढण्याचे आणि पुश-अपच्या शेवटी छाती आणखी वर ढकलून सेरेटस कामाला लावण्याचे व्यायाम दिले जातात. कमी वजन आणि अधिक आवर्तने हे त्यांचे सूत्र असते, कारण येथे उणीव ताकदीपेक्षा दमाची असते. परिणाम दिसायला साधारण तीन महिने लागतात आणि बहुतेक जण त्याआधीच व्यायाम सोडतात. केईएम, नायर आणि शीव येथील महापालिका रुग्णालयांत भौतिकोपचार विभाग आहेत. हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आहे.

स्पर्धेपूर्वी वेदनाशामक गोळ्या घेऊन पोहणे सर्रास चालते. त्याने दाह झाकला जातो, भार मात्र तितकाच राहतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, परंतु वारंवार दिल्यास कंडरा दुबळी होते. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार कोणत्याही मार्गाने टोचलेले ग्लुकोकॉर्टिकॉइड (याच प्रकारचे स्टेरॉइड) स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. खांद्याच्या सांध्यात दिलेले इंजेक्शनही त्यात येते, हे गल्लीतल्या दवाखान्यात माहीत असेलच असे नाही. शस्त्रक्रिया अखेरचा पर्याय मानली जाते, कारण सैल सांधा घट्ट शिवला की दुखणे थांबते, पण पोहण्यासाठी लागणारा पल्लाही कमी होतो. अमेरिकेच्या नॅटली कॉफलिन यांच्या खांद्यातील लॅब्रम शालेय वयात फाटले होते. त्यांनी शस्त्रक्रिया टाळून व्यायामोपचार निवडले आणि पुढे तीन ऑलिंपिकमध्ये बारा पदके मिळवली. हे प्रत्येकाला साधेल असे नाही, पण सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूच्या बाबतीत घाई करू नये, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

निवृत्तीनंतर : पोहणे थांबले की दुखणे थांबेल, अशी समजूत असते आणि पुष्कळांचे ते खरोखर थांबते. उरलेल्यांची अडचण अशी की सैल सांध्याला इतकी वर्षे आवळून धरणारे स्नायू सराव सुटताच काही महिन्यांत रोडावतात, सैलपणा मात्र तसाच राहतो. मग वरच्या फळीवरचा डबा काढताना, दोरीवर कपडे वाळत घालताना किंवा झोपेत कूस बदलताना खांदा चमकतो. पाच ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेल्या ऑस्ट्रेलियाच्या इयान थॉर्प यांना २०१४ मध्ये, स्पर्धा सोडल्यानंतर, खांद्यावरील शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात राहावे लागले होते.

चाळिशीनंतर यात आणखी एक गुंता होतो. वयाबरोबर रोटेटर कफची झीज सर्वांचीच होते, शिवाय मधुमेहींमध्ये सांधा आखडण्याचे, म्हणजे फ्रोझन शोल्डरचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते. त्यामुळे माजी जलतरणपटूचे प्रत्येक दुखणे ‘जुनी दुखापत’ म्हणून सोडून देणे चुकीचे ठरते. कोपर अंगाला चिकटवून दुसऱ्याने हात बाहेर फिरवून पाहिला आणि तो फिरतच नसेल, तर सांधा आखडला आहे. सहज फिरत असेल, पण स्वतः उचलताना दुखत असेल, तर रोटेटर कफ तपासावा. दोन्हींचे उपचार निराळे आहेत. मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या, गटात परतणाऱ्यांनी जुन्या वेळा आणि जुने अंतर यांना प्रारंभबिंदू मानू नये, असा सल्ला दिला जातो. पाण्यात उतरण्याआधी सहा ते आठ आठवडे पट्ट्याचे व्यायाम, नंतर दिवसाआड थोडे अंतर, सुरुवातीला पॅडल आणि बटरफ्लाय वर्ज्य, आणि दर आठवड्याला थोडीच वाढ, असा क्रम बहुतेकांना मानवतो.