बाहीतून येणारी बातमी

५ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमारने ब्राझीलच्या एलिएल्तोन दे ओलिव्हेराला ३३ सेकंदांत चीत केलं. ६० किलो गटातलं ते कांस्यपदक म्हणजे पॅरालिम्पिक ज्युदोत भारताला मिळालेलं पहिलं पदक. कपिल मध्य प्रदेशातल्या सीहोरचा. लहानपणी शेतात पाण्याच्या पंपापाशी त्याला विजेचा जबर धक्का बसला आणि पुढे त्याची दृष्टी गेली. त्या आठवड्यात या लढतीची चित्रफीत मला तीन-चार जणांनी पाठवली. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: दिसत नाही, तर समोरच्याला पकडतो कसा? एकाने तर उत्तरही देऊन टाकलं होतं. देव एक इंद्रिय काढून घेतो, तेव्हा दुसरं दुप्पट करून देतो म्हणे.

प्रश्न चांगला आहे, उत्तर मात्र मला पटत नाही. त्या ३३ सेकंदांत जे घडलं ते कुठल्याही दैवी भरपाईपेक्षा कितीतरी सुंदर आहे, आणि त्यातलं बरंचसं शाळेतल्या विज्ञानाने समजतं.

आधी एक गैरसमज. पॅरा ज्युदो म्हणजे सर्व प्रकारच्या अपंग खेळाडूंसाठीचा ज्युदो, असं अनेकांना वाटतं. पॅरालिम्पिकमधला ज्युदो फक्त दृष्टिबाधितांचा आहे. १९८८ साली सोलमध्ये पुरुषांसाठी आणि २००४ साली अथेन्समध्ये स्त्रियांसाठी तो सुरू झाला. गादी तीच, चार मिनिटांची लढत तीच, डावही तेच. सर्वांत महत्त्वाचा फरक सुरुवातीला आहे. पंच दोघांना मध्यभागी आणतात, दोघं एकमेकांची बाही आणि कॉलर धरतात, आणि मगच ‘हाजिमे’ म्हणजे ‘सुरू करा’ अशी आज्ञा होते. लढताना दोघांची पकड पूर्ण सुटली, तर खेळ थांबवून पुन्हा मध्यभागी पकडीपासून सुरुवात.

आपल्या कुस्तीत सलामी झाली की खडाखडी चालते. हाताला हात लावायचा, हुलकावणी द्यायची, पट काढायची संधी शोधायची. हा सगळा डोळ्यांचा खेळ. डोळस ज्युदोतही पकड मिळवण्याची अशीच झटापट असते. पॅरा ज्युदोच्या नियमाने हा भाग बाजूला ठेवला आणि जिथे स्पर्शाचं राज्य सुरू होतं तिथून लढत सुरू केली. म्हणून ‘पकडतो कसा’ याचं उत्तर सोपं आहे: पकड आधीच दिलेली असते. खरा प्रश्न त्यापुढचा. पकडल्यावर त्याला कळतं काय?

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान ही संस्था स्थापली. ज्युदोत कुठलीही फेक तीन टप्प्यांत समजावतात: कुझुशी म्हणजे तोल मोडणं, त्सुकुरी म्हणजे आपलं अंग योग्य जागी नेणं, आणि काके म्हणजे प्रत्यक्ष फेक. जीव आहे तो पहिल्यात. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली असतो. तिथून खाली सोडलेला ओळंबा दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत पडतो तोवर माणूस उभा. ओळंबा त्या जागेबाहेर गेला की एकतर पाऊल टाकायचं, नाहीतर पडायचं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा ओळंबा आत्ता कुठे आहे आणि कुठल्या दिशेने सरकतो आहे, ही बातमी ज्याला आधी कळेल तो जिंकेल.

ही बातमी कापडातून येते. लहानपणी आपण दोन रिकाम्या आगपेट्यांना दोरा बांधून टेलिफोन केलेला असतो. दोरा ताणलेला असला की पलीकडचं ऐकू येतं, सैल पडला की काही नाही. ज्युदोचा जाड अंगरखा तसाच. सैल कापड ओढ पोचवत नाही आणि खबरही पोचवत नाही. चांगला खेळाडू बाही फार ओढत नाही, पण तिच्यात झोळही पडू देत नाही. दोरा सतत ताणलेला.

आता माझ्या सर्वांत आवडत्या गोष्टीकडे येतो. एक प्रयोग करा. भिंतीला डावा खांदा आणि डाव्या पावलाची बाहेरची कड टेकवून उभे राहा, आणि उजवा पाय बाजूला उचलून पाहा. उचलून धरता येत नाही. कारण उजवा पाय उचलण्याआधी सगळं शरीर डाव्या पायावर न्यावं लागतं आणि तिथे भिंत आडवी येते. आपण रोज हजारो पावलं टाकतो, पण प्रत्येक पावलाआधी काही दशांश सेकंद हे चोरटं सरकणं घडतं हे कधी लक्षात येत नाही. जो पाय उचलायचा तोच आधी जमिनीला किंचित जास्त रेटतो, त्या रेट्याने धड दुसऱ्या पायाकडे जातं, आणि मग पाऊल सुटतं. पाय हलण्याच्या आधी धड हलतं. धडाबरोबर खांदा, खांद्याबरोबर बाही, आणि बाहीबरोबर ती धरलेली समोरच्याची बोटं.

जो प्रतिस्पर्ध्याच्या पावलाकडे पाहतो आहे त्याला पाऊल उचललेलं दिसतं. ज्याच्या मुठीत बाही आहे त्याला पाऊल उचललं जाणार हे कळतं. म्हणूनच कसलेले ज्युदोपटू पाय उचलून चालत नाहीत, पावलं गादीवर घासत सरकवतात. धड जितकं कमी सरकेल तितकी कमी बातमी फुटते.

या आगाऊ बातमीचा उपयोग काय, हे ‘दे आशी बाराई’ या पाय झाडण्याच्या डावात दिसतं. पाऊल टेकत असतानाच ते बाजूला झाडायचं. घर्षण पायावरच्या भारावर अवलंबून असतं. ६० किलोच्या माणसाचा सगळा भार एका पायावर असेल तर तो सुमारे ६०० न्यूटन. घर्षणांक ०.५ धरला तर पाय सरकवायला ३०० न्यूटन लागतील. तेच पाऊल नुकतंच टेकून दहावा हिस्सा भार आला असेल, तर ३० न्यूटन, म्हणजे तीन किलोची पिशवी उचलण्याइतकं बळ, पुरतं. जरा उशीर झाला की तोच पाय खांबासारखा रुतलेला.

मग वेळेचा हिशेब. दिवा दिसला की बटण दाबा, असं सांगितलं तर माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. स्पर्श झाला की दाबा म्हटलं तर साधारण १५०. डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाशाचं विद्युत संदेशात रूपांतर रासायनिक साखळीतून होतं, आणि तिथेच बराच वेळ जातो. पण पकडीची कमाल याहून पुढची आहे. बाही अचानक ओढली गेली की आपल्या दंडातला स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूत ‘मसल स्पिंडल’ नावाचे ताण मोजणारे बारीक अवयव असतात. त्यांचे चेतातंतू शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंपैकी आहेत, सेकंदाला १०० मीटरच्या आसपास. संदेश मेरुरज्जूपर्यंत जातो आणि २५ ते ५० मिलिसेकंदांत स्नायू आकसायला लागतो. ही शाळेत शिकलेली प्रतिक्षिप्त क्रिया. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तीच.

तिच्या मागोमाग ५० ते १०० मिलिसेकंदांत दुसरी लाट येते. ती मेंदूच्या बाह्यकापर्यंत, म्हणजे सर्वांत वरच्या थरापर्यंत, जाऊन आलेली असते. १९५६ साली हॅमंड या संशोधकाने लोकांचा हात अचानक ओढून पाहिला. कधी आधी सांगितलं होतं ‘विरोध करा’, कधी ‘सोडून द्या’. स्नायूचा प्रतिसाद त्या सूचनेनुसार बदलला, आणि तोही विचार करून हालचाल करायला लागतो त्याहून कमी वेळात. म्हणजे ही क्रिया विचाराआधी घडते, पण विचाराने आधी आखून ठेवता येते. ज्युदोतल्या ‘ज्यू’चा अर्थ नमतं घेणं, लवचीकपणा. समोरचा ढकलतो तेव्हा उलट ढकलायचं नाही, त्याच दिशेने ओढायचं. नवशिक्याची दुसरी लाट ‘विरोध कर’ म्हणते. हजारो वेळा फेकलेल्या आणि फेकल्या गेलेल्या खेळाडूची लाट ‘जाऊ दे, आणि ओढ’ म्हणते. कपिलसारख्यांच्या सरावाची खरी कमाई मला इथे दिसते.

इथे कुणी म्हणेल, मग स्पर्शच सगळं करतो, डोळ्यांची गरजच काय? तर तसंही नाही. एका पायावर उभे राहून डोळे मिटा. काही क्षणांत डगमगायला लागाल. तोल राखण्यात स्नायूंबरोबर आणि कानातल्या संतुलनेंद्रियाबरोबर डोळ्यांचाही हात असतो. पूर्ण अंध खेळाडूला तेवढा आधार कमी. पूर्वी पूर्ण अंध आणि अंशतः अंध एकाच गटात लढत. ब्राझीलचा पूर्ण अंध अंतोनियो तेनोरियो १९९६ पासून सलग चार पॅरालिम्पिक सुवर्णपदकं जिंकला, आणि त्याच्याकडे बोट दाखवून ‘फरक पडत नाही’ म्हणणं सोपं होतं. पण ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी अनेक स्पर्धांचे निकाल तपासले तेव्हा पूर्ण अंध खेळाडू एकंदरीत स्पष्टपणे मागे पडत असल्याचं दिसलं. २०२२ पासून दोन वर्ग झाले. जे-१ मध्ये जवळजवळ काहीच न दिसणारे. जे-२ मध्ये अंशतः दिसणारे. त्यासाठी नजर ६/१२० किंवा त्याहून कमी हवी, म्हणजे निरोगी डोळ्याला १२० मीटरवरून दिसतं ते यांना ६ मीटरवरून दिसतं. दृष्टिक्षेत्र फार आक्रसलेलं असेल तरी चालतं. कपिलचं पदक जे-१ मधलं.

‘देव भरपाई करतो’ या समजुतीत मला हाच धोका वाटतो. भरपाई झालीच आहे असं मानलं असतं, तर हे दोन वर्ग कधीच झाले नसते. ब्रेल वाचणाऱ्या अंध माणसाच्या मेंदूतला दृष्टीचा भाग स्पर्शासाठी कामाला लागतो हे खरं आहे, पण ते वर्षानुवर्षांच्या वापराने घडतं. याच समजुतीवर ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग चालतात. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात असा त्यांचा दावा. नाकाच्या बाजूची फट नीट बुजवा, वाचन थांबतं. पालक त्यासाठी हजारो रुपये मोजतात याचं मला फार वाईट वाटतं.

स्पर्धांचं चित्र आता बरंच भरलेलं आहे. आंतरराष्ट्रीय अंध क्रीडा महासंघाच्या ग्रां प्री आणि जागतिक स्पर्धा आहेत, आशियाई पॅरा क्रीडास्पर्धा आहेत. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत कपिलला रौप्य आणि भारताचीच ज्युदोपटू कोकिला हिला कांस्य मिळालं. पॅरिसला दोघंही गेले होते. देशात लखनौची भारतीय अंध व पॅरा ज्युदो संघटना राष्ट्रीय स्पर्धा घेते. कर्णबधिरांसाठी २००९ च्या तैपेईपासून डेफलिम्पिक्समध्ये ज्युदो आहे, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये. हात किंवा पाय गमावलेल्यांसाठी मात्र पॅरालिम्पिकमध्ये ज्युदोचा गट नाही.

अंध मुलांच्या शाळेत ज्युदो सुरू करायचा तर पहिले काही आठवडे फेक शिकवतच नाहीत. शिकवतात ‘उकेमी’, म्हणजे पडणं. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि टेकताना संपूर्ण हात गादीवर आपटायचा, म्हणजे आघात मोठ्या जागेवर पसरतो. आणि बाहीची बातमी वाचायला तर गादीही लागत नाही. दोघांनी एका जाड टॉवेलची दोन टोकं धरायची, टॉवेल ताणलेला ठेवायचा, एकाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने हळूच एक पाय उचलायला घ्यायचा. पाऊल सुटण्याआधी पहिल्याने सांगायचं, डावा की उजवा.